बर्फातली बुटकी गाडी

जानेवारी १९६५ मधल्या मॉन्टे कार्लो रॅलीला फ्रान्सच्या डोंगरांत हिमवादळाने गाठले. दोनशेहून अधिक गाड्या निघाल्या, पोहोचल्या थोड्याच. टिमो मॅकिनेनची मिनी कूपर पहिली आली. मला मात्र कुतूहल आहे ते दुसऱ्या क्रमांकाचे. ती होती ऑयगेन ब्योरिंगरची पोर्शे ९०४, जेमतेम साडेतीन फूट उंचीची, शर्यतीसाठीच घडवलेली. (शेजारी बसला होता रोल्फ व्यूटेरिख, जेम्स डीनच्या १९५५ च्या जीवघेण्या अपघातातून वाचलेला.) अशी गाडी बर्फात तगली कशी?

दाबून घट्ट झालेल्या बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या साधारण चौथाईवर येते. म्हणजे ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, आणि इंजिनाची बरीचशी ताकद चाके जागच्या जागी फिरवण्यात वाया जाते. तिथे कामी येते ते फिरणाऱ्या चाकांवरचे वजन. मिनीचे इंजिन पुढे आणि तिला ओढतात तीही पुढचीच चाके. ९०४ चे इंजिन चालकाच्या पाठीमागे, आणि ढकलतात मागची चाके. रचना उलट, हिशेब एकच. पोर्शेला त्याची किंमतही मोजावी लागते: पुढची बाजू हलकी, म्हणून घाईने वळवले तर चाके वळतात, गाडी सरळ जाते. वेग वळणाआधीच उतरवावा लागतो.

उरला टायर. स्पोर्ट्स कारचा रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो. अरुंद टायर तो कापत खाली जातो. शिवाय उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. जर्मनीत तर २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळ्याचे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, गाडी कितीही महाग असो.