मूल सारखे बेशुद्ध पडते? नजर काढण्याआधी ईसीजी काढा

आपले हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते. प्रत्येक ठोक्यामागे वीज असते. हृदयाच्या पेशींवर बारीक दारे असतात, त्यांना आयन चॅनल म्हणतात. सोडियमचे दार उघडले की ठोका सुरू होतो. पोटॅशियमचे उघडले की पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. हे दुसरे दार बिघडले तर शांत व्हायला उशीर लागतो. ईसीजीवर तो 'लाँग क्यूटी' म्हणून दिसतो. असे मूल धावताना, पोहताना किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर बेशुद्ध पडू शकते, कधी जीवही जातो. घरचे समजतात, फिट आली किंवा नजर लागली.

ही दारे जनुकांतल्या मजकुराप्रमाणे बनतात. पण त्या मजकुरात प्रत्येकाचेच थोडेफार फरक असतात, बहुतेक निरुपद्रवी. मग घातक कोणता, हे कसे ओळखायचे?

बिर्याणीचे बघा. कुणी बटाटा घालतो, कुणी नाही. पण तांदूळ सगळ्यांकडे असतोच. म्हणजे बटाटा बदलला तरी चालते, तांदूळ काढला तर बिर्याणीच राहत नाही. शास्त्रज्ञ माणूस, उंदीर, कोंबडी, मासा यांच्या एकाच चॅनलचा मजकूर असाच शेजारी ठेवून बघतात. कोट्यवधी वर्षांत जे अक्षर कुठेच बदलले नाही, तिथला बदल बहुधा घातक. जिथे प्रत्येक प्राण्यात वेगळे अक्षर आहे, तिथला बदल बहुधा साधा. पोटॅशियम गाळून घेणारा भाग तर जीवाणूपासून माणसापर्यंत जवळपास सारखाच आहे. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जीवाणूच्याच चॅनलची रचना उलगडली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

अर्थात हा एकच पुरावा पुरेसा नाही. ईसीजी, घरच्यांची तपासणी आणि प्रयोगशाळेतली चाचणी यांची जोड लागतेच.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९५७ मध्ये नॉर्वेतल्या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबातली जन्मतः बहिरी आणि वारंवार बेशुद्ध पडणारी मुले नोंदवली. त्यांतली तीन अचानक दगावली. पुढे कळले की हृदयातले हेच पोटॅशियमचे दार कानाच्या आतही काम करते. हा आजार आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक आले तरच होतो. जवळच्या नात्यात लग्न झाले तर ती शक्यता वाढते, मग ते चुलत-मावस भावंडांत असो की मामे-आते भावंडांत. यात कुणाचा दोष नाही, पण माहिती हवी.

म्हणून जन्मतः बहिरे मूल बेशुद्ध पडत असेल, किंवा खानदानात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ईसीजी जरूर काढा आणि डॉक्टरसाहेबांना घरचा सगळा इतिहास सांगा. काही अँटिबायोटिक औषधेही क्यूटी लांबवतात, म्हणून आजार माहीत असेल तर औषध घेण्याआधी सांगाच. बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्यांनी अनेक मुले नीट जगतात. फक्त वेळेवर कळले पाहिजे.