लोकशाहीचे मोजमाप

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. लोकशाही मोजता येते काय? अमेरिकेतील 'फ्रीडम हाऊस' ही संस्था दरवर्षी देशोदेशींना १०० पैकी गुण देते : राजकीय हक्कांना ४० व नागरी स्वातंत्र्याला ६०. निवडणुका निकोप आहेत काय, वृत्तपत्रे निर्भय आहेत काय, असे तिचे प्रश्न असतात. २०२४ च्या अहवालात स्पॅनिश भाषिक, चिमुकल्या कोस्टा रिकास ९१ गुण आहेत; त्या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केले. भारतास ६६ गुण मिळाले. २०२१ मध्ये 'अंशतः स्वतंत्र' हा शेरा मिळाला, तेव्हा भारत सरकारने तो फेटाळला होता.

परीक्षक परका आहे हे खरे. पण प्रश्नपत्रिका उपयोगी आहे. ती आपल्या माढा तालुक्यातील गावांनाही लावून पाहावी. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कागदावर पूर्ण गुण! परंतु ग्रामसभेत सरपंचबाई बोलतात की त्यांचे यजमान? एखाद्या शेतमजुराने तेथे हिशेब विचारला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलावतात काय? हक्क आहे की नाही, हे कायद्याच्या पुस्तकात सापडते. तो वापरताना भीती वाटते की नाही, हे गावातच कळते. नागरी स्वातंत्र्याला ६० गुण का, तेही तेथेच उमगते.