चाकांवरील काळा थर: अलॉय व्हील स्वच्छ करताना काय करावे, काय टाळावे

मोटार धुतली की बॉनेट आणि दरवाजे लखलखतात. चाकांवरचा करडा-तपकिरी थर मात्र साबणाने घासूनही पुरता निघत नाही. अनेक वाहनमालक मग तीव्र आम्लाचा आधार घेतात. त्यामुळे चाक काही मिनिटांत उजळते, परंतु काही महिन्यांत त्यावर पांढरे डाग उमटतात आणि आवरणाचे पापुद्रे सुटू लागतात. धुणाऱ्याच्या हातांनाही इजा होते. हा मळ नेमका कशाचा आहे, हे समजून घेतले तर हे नुकसान टाळता येते.

धूळ येते कुठून?

ब्रेकचे पेडल दाबले की कॅलिपरमधील पिस्टन ब्रेक पॅडना फिरत्या डिस्कवर दाबतो आणि मोटारीच्या गतिज ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. या घर्षणात पॅड व डिस्क दोन्ही झिजतात. बहुतेक मोटारींची डिस्क बिडाची असते. पॅडमध्ये रेझिनने बांधलेले पोलादी तंतू, धातूंची भुकटी, ग्राफाइट आणि खरखरीत खनिजे असतात. त्यामुळे या धुळीत लोहाचा वाटा मोठा असतो. तापलेले सूक्ष्म कण चाकाच्या पृष्ठभागावर चिकटतात, दमट हवेत गंजतात आणि आवरणात रुतून बसतात. साध्या शाम्पूने वरची माती जाते. रुतलेले लोहकण जात नाहीत.

ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे झुकतो आणि रोधनाचे अधिक काम पुढील चाकांना करावे लागते. म्हणून तीच अधिक काळी पडतात. शिवाय आपल्याकडील अनेक लहान मोटारींत मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि त्यांची धूळ बहुतांशी ड्रममध्येच राहते.

आधी चाक ओळखा

पोलादी रिमवर रंगाचा थर असतो आणि बहुधा प्लास्टिकची व्हील कॅप बसवलेली असते. अलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. ‘डायमंड कट’ चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून चकाकता केलेला असतो, पण त्यावरही लॅकर असतेच. क्रोमचा मुलामा दिलेली किंवा आवरणाविना केवळ पॉलिश केलेली चाके त्या मानाने कमी आढळतात.

चाकावर लॅकर आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. नजरेआड असलेल्या जागी मऊ फडक्याने थोडे धातूचे पॉलिश घासावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. स्वच्छ राहिले तर वर लॅकर आहे.

स्वच्छतेचा क्रम

चाक हाताला थंड लागल्याशिवाय काम सुरू करू नये. गरम चाकावर द्रावण लगेच वाळून डाग पडतात; तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडल्यास तिला अचानक ताण बसतो. काम सावलीत करावे आणि एक चाक पूर्ण झाल्यावरच दुसरे हाती घ्यावे. चाकांसाठी बादली, फडकी आणि ब्रश वेगळे ठेवावेत. त्यांतील लोहकण मोटारीच्या रंगावर ओरखडे पाडतात.

प्रथम भरपूर पाण्याने सुटी माती काढावी. कोरडी धूळ दाबाच्या हवेने उडवू नये, कारण तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात जातात. त्यानंतर मोटारीचा शाम्पू आणि मऊ ब्रशने आऱ्या, नटांच्या खाचा आणि रिमची आतील बाजू धुवावी.

याही पुढे उरलेल्या डागांसाठी लोहकण विरघळवणारे ‘आयर्न रिमूव्हर’ उपयोगी पडते. त्यातील थायोग्लायकोलेट हे संयुग लोहाशी संयोग पावते आणि फवारलेले द्रावण जांभळे होते. केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही याच वर्गातील रसायन असल्याने त्याचा उग्र वास अनेकांना ओळखीचा वाटतो. बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत, साधारणतः तीन ते पाच मिनिटे, ते राहू द्यावे. वाळू मात्र देऊ नये. हलक्या ब्रशने फिरवून ते भरपूर पाण्याने धुवावे. सामू ७ च्या आसपास असलेले द्रावण लॅकरला सहसा अपाय करत नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा आवश्यक आहे.

डांबराचे ठिपके यानेही जात नाहीत. त्यांसाठी वेगळे ‘टार रिमूव्हर’ फडक्यावर घेऊन पुसावे. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग बहुधा क्षारांचे असतात. पातळ केलेले व्हिनेगर काही क्षण लावून लगेच धुतल्यास ते सैल होतात.

आम्लाचा धोका

शौचालय धुण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्रेकची धूळ विरघळवते, पण लॅकरला जेथे टवका गेला असेल तेथून आत शिरून अ‍ॅल्युमिनियमही खाते. नट आणि डिस्क यांवरही गंज चढतो. कॉस्टिक सोड्याने हा धोका टळत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम आम्ल आणि अल्कली या दोहोंत झिजते.

चाकांसाठी बनवलेल्या काही तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते त्वचेतून आत जाऊन शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते. द्रावण पातळ असल्यास वेदना काही तासांनंतरही सुरू होऊ शकतात, त्यामुळे सुरुवातीला इजेची कल्पना येत नाही. संपर्क झाल्यास ती जागा सतत पाण्याने धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. सोबत बाटली न्यावी. वॉशिंग सेंटरमध्ये दिवसभर उघड्या हातांनी चाके धुणाऱ्या कामगारांना हा धोका सर्वाधिक असतो. ‘अ‍ॅसिड वापरू नका,’ असे ग्राहकाने स्पष्ट सांगितल्यास चाक आणि हात दोन्ही वाचतात.

गेलेली झळाळी

स्वच्छतेनंतरही लॅकर केवळ मंद दिसत असेल, तर रंगासाठीचे बारीक पॉलिश हाताने लावून तकाकी परत आणता येते. धातूचे पॉलिश उघड्या अ‍ॅल्युमिनियमपुरतेच वापरावे. लॅकरखाली पांढऱ्या, अळीसारख्या रेषा पसरलेल्या दिसल्यास अ‍ॅल्युमिनियम आत क्षरत आहे, असे समजावे. मग पॉलिशचा उपयोग नसतो. जुने आवरण काढून चाक नव्याने रंगवावे लागते. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जाते अशा प्रदेशात हे क्षरण लवकर होते. डायमंड कट चाक पुन्हा लेथवर घेताना दर वेळी धातूचा थर जातो, म्हणून ते मोजक्या वेळाच करता येते. तडा गेलेले किंवा वाकलेले चाक हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याची तज्ज्ञाकडून तपासणी करावी.

शेवटी चाक कोरडे करून मेण किंवा सीलंटचा पातळ थर द्यावा. त्यामुळे पुढील धूळ कमी चिकटते. हा थर किंवा टायरची चमक वाढवणारे द्रव्य डिस्कवर, पॅडवर वा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाता कामा नये. ब्रेकची आणि टायरची पकड जाते. धुतल्यानंतर मोटार हळू चालवून ब्रेक दोन-तीन वेळा हलके दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

धुळीचे संकेत

दोन पुढील चाकांपैकी एकच फार काळे पडत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता असते. चाकाच्या आतील बाजूस तेलकट ओघळ दिसल्यास ब्रेकचे तेल किंवा ग्रीस गळत असू शकते. असे दिसल्यास मोटार तत्काळ मेकॅनिककडे न्यावी.

धूळ कमी करण्याचा मार्ग चालकाच्या सवयींतही आहे. घाट उतरताना खालचा गिअर वापरला तर इंजिनच वेग आवरते, पॅड कमी झिजतात आणि ब्रेक तापत नाहीत. विजेवरील मोटारी वेग कमी करताना ऊर्जा बॅटरीत परत घेतात, त्यामुळे त्यांची ब्रेकधूळ कमी असते.

ही धूळ चाकापुरती राहत नाही. तिचा काही भाग हवेत, तर काही पावसाच्या पाण्याबरोबर नदीनाल्यांत जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी जलचरांच्या रक्षणासाठी पॅडमधील तांबे कमी करण्याचे कायदे २०१० मध्ये केले. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. चाके धुतलेले पाणीही शक्यतो विहिरीजवळ किंवा उघड्या नाल्यात सोडू नये.