काचेवरील नक्षी : यंत्र आणि धूळ

महाराष्ट्राला काचेचा उद्योग नवा नाही. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचे 'प्रभाकर' कंदील तर घरोघरी पोचले. तयार पेल्यावर वेलबुट्टी उमटविणे हा मात्र निराळा, थोड्या भांडवलात जमणारा व्यवसाय होय. श्रीवर्धनसारख्या पर्यटकांची वर्दळ असलेल्या गावी त्याचा विचार होणे स्वाभाविक आहे.

जुन्या पद्धतीत भांड्यास मेणाचा लेप देतात, यंत्राची सुई तो ओरखडते आणि उघड्या पडलेल्या रेषा हायड्रोफ्लोरिक आम्ल कोरते. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचते. घरगुती शेडमध्ये ते नसलेलेच बरे. दुसरे झोतयंत्र. अमेरिकेतील टिल्घमन यांनी १८७० साली त्याचे एकस्व घेतले. नक्षी कापलेला चिकट कागद पेल्यावर डकवून कॉम्प्रेसरच्या हवेने कठीण कणांचा मारा करावयाचा; उघडी काच दुधी होते, झाकलेली चकचकीत राहते.

किनाऱ्यावरची वाळू फुकट आहे, हा मोह येथे होतो. किनारा नियमनाखाली ती उचलण्यास बंदी आहेच. पण खरा धोका पुढे आहे. वाळूतील सिलिका फुटून होणारी अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात कायमची बसते. त्यातून जडणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या रोगसूचीत त्याचा समावेश होता, आणि ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी झोतकामात वाळू वापरणेच बंद केले.

वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, हातमोजे बसविलेली बंद पेटी आणि धूळ ओढून घेणारा पंखा ही व्यवस्था हवी. कर्जप्रस्ताव तपासताना पेटी व पंखा यांची किंमत त्यात धरली आहे काय, हे आधी पाहावे. नाकावर बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही.