ओळखीचा खाटीक आणि अनोळखी पाकीट

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांग हे महाराष्ट्रातील नागर जीवनाचे एक जुने दृश्य आहे. श्रावण तोंडावर आला की आखाडाच्या अखेरच्या दिवसांत ही रांग गल्लीच्या वळणापर्यंत पोहोचते. परंतु या रांगेतील काही चेहरे अलीकडे दिसेनासे झाले आहेत. मोठ्या वातानुकूलित दुकानाच्या थंड कपाटातून पारदर्शक वेष्टनातील अर्धा किलो मटण उचलावे, अथवा मोबाइलवर बोट टेकवून ते दारात मागवावे, हे त्यांना अधिक सोयीचे वाटते. हा बदल निव्वळ सोयीचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्यात विश्वासाची आणि उत्तरदायित्वाची एक जुनी व्यवस्था मोडीत निघत आहे, आणि तिच्या जागी काय येत आहे याचा विचार झालेला नाही.

पाकिटाची बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. आपल्या हवेत उघड्यावर टांगलेल्या मांसात जंतूंची वाढ झपाट्याने होते. चार अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेल्या मांसात ती बरीच मंदावते. अनेक दुकानांतील माश्या, पाण्याची टंचाई, वर्षानुवर्षांचा लाकडी ठोकळा आणि मागच्या बाजूची तुंबलेली मोरी यांविषयीची तक्रार खोटी नाही. दुकानासमोर उभे राहणे अनेक गृहिणींना नकोसे वाटते, हेही खरे. ज्या ग्राहकाने स्वच्छता मागितली त्याला उच्चभ्रू म्हणून हिणवणे हा प्रश्नाला दिलेला बगलेचा रस्ता होय.

तथापि स्वच्छ वेष्टन म्हणजे निर्दोष माल, हे समीकरण तितकेच फसवे आहे. मांसाचा तांबडा रंग हा त्यातील एका रंगद्रव्याचा प्राणवायूशी संयोग झाल्याने येतो. वेष्टनात प्राणवायूचे प्रमाण वाढवून तो अधिक दिवस टिकवता येतो. तेव्हा रंगावरून ताजेपणा ठरवणारा ग्राहक चुकण्याचा संभव असतो. युरोपातील साखळी दुकानांवरील विश्वासाला २०१३ च्या जानेवारीत असाच तडा गेला. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या तपासणीत गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या टिक्क्यांत घोड्याचे मांस आढळले. एका नमुन्यात त्याचे प्रमाण गोमांसाच्या मानाने २९ टक्के होते. माल इतक्या हातांतून आणि देशांतून फिरला होता की दोष नेमका कोणाचा, हे शोधण्यातच महिने गेले. आपल्याकडे कोलकात्यात २०१८ साली मेलेल्या जनावरांचे मांस शीतगृहांत साठवून विकल्याचे प्रकरण उघडकीस आले. थंडावा मांस टिकवतो. ते मुळात कसले होते हे तो सांगत नाही.

ओळखीच्या खाटकाकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. बकरा समोर टांगलेला असतो. तो कोवळा की जून, हे जाणत्या गिऱ्हाइकाला हाडावरून आणि चरबीवरून कळते. रश्शाला हवे की सुक्याला, म्हाताऱ्या माणसासाठी की बाळंतिणीसाठी, एवढे विचारून तो मांडी, सीना, चाप, नळी यांचा मेळ बसवतो. मटण शिजले नाही तर पुढच्या रविवारी त्याला तोंडावर जाब विचारता येतो. त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाला आपली पत गमावणे परवडत नाही. त्याची हमी छापील नसली तरी तिला धार असते.

तो नेहमीच प्रामाणिक असतो असे मात्र नव्हे. वजनात मारलेला हात आणि मटणात ढकललेली चरबी कोणास ठाऊक नाही? परंतु त्याच्याशी भांडता येते, ही गोष्ट महत्त्वाची. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर चढला, तेव्हा नागरिकांनी कृती समिती उभारली, विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली, बैठका झडल्या आणि वाटाघाटींतून मार्ग काढावा लागला. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावाचा हा हट्ट म्हणून बाहेरच्यांना त्याचे हसू आले असेल. वस्तुतः ग्राहक आणि विक्रेता समोरासमोर बसून भाव ठरवतात, हे बाजाराचे निरोगी लक्षण होय. पाकिटावर छापलेल्या किमतीशी अशी वाटाघाट कोणी करावी आणि कोणाशी?

या व्यवहाराच्या मागे ग्रामीण भागाची एक मोठी साखळीही उभी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या होत्या, त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळी अल्पभूधारकाच्या आणि भूमिहीनाच्या दारात बांधलेली असते. शाळेची फी किंवा दुखणे आले की आठवडी बाजारात ती विकली जाते. शहरातला लहान खाटीक हा त्या बाजाराचा नेहमीचा आधार. शिवाय मुंडी, पाया, वजडी यांवर आणि पावकिलोच्या उधारीवर ज्यांचा रविवार साजरा होतो, त्यांना थंड कपाटात जागा नाही. तेथे निवडक तुकडे असतात आणि रोख हिशेब असतो.

मग अस्वच्छतेचे काय? येथे दोष एकट्या खाटकाचा नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने परवान्याची व स्वच्छतेची बंधने घातली. त्याची अंमलबजावणी २०११ पासून झाली. नियम योग्यच आहेत. परंतु मुंबई महापालिकेने देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू केला, तशी व्यवस्था किती लहान शहरांत झाली? जेथे कत्तलखाना नाही, अथवा असून पडका आहे, तेथे खाटकाने नियम पाळायचा कोठे? आधी सोय नाकारायची, नंतर बेकायदा म्हणून दंड करायचा आणि शेवटी अस्वच्छ म्हणून गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, असा हा तिहेरी न्याय आहे.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक नगरपालिकेने पुरेसे पाणी, मैला निचरा आणि पशुवैद्यकाची हजेरी असलेला लहान कत्तलखाना चालवावा. कापण्यापूर्वी जनावराची आणि नंतर मांसाची तपासणी होऊन त्यावर शिक्का उमटावा. काचेच्या थंड कपाटासाठी खाटकाला सुलभ कर्ज मिळावे. गिऱ्हाइकानेही दर विचारण्याआधी शिक्का पाहण्याची सवय लावून घ्यावी. असे झाले तर पाकिटाची स्वच्छता आणि ओळखीच्या माणसाची जबाबदारी एकाच दुकानात मिळू शकेल. न झाल्यास खाटकाची दुकाने एकामागून एक बंद होतील, आणि मटण बिघडले असता तक्रार ऐकायला समोर माणूस उरणार नाही.