निदानाआधीचे औषध

निजामाच्या अमलात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी म्हणून जिचे नाव सरकारी दप्तरांत येत असे, आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी होऊन कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ या तालुक्यांसह जी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाली, त्या हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. महाविद्यालय म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियागृहे, अतिदक्षता कक्ष आणि नामांकित शल्यचिकित्सक उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रस्तुत लेख आहे तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाविषयी, जिथे रुग्णाचे पाऊल सहसा पडत नाही, फक्त त्याचे रक्त, थुंकी आणि लघवी पोचते. या जिल्ह्यातील ज्वरग्रस्तांना कोणत्याही नव्या प्रतिजैविकापेक्षा या विभागाची निकड अधिक आहे, असे माझे मत आहे.

आमच्या मुलखात तापाच्या रुग्णाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. हळद काढणीच्या किंवा सोयाबीनच्या सुगीच्या धामधुमीत ताप आला, की आधी तो अंगावर काढला जातो. मग गावातल्या दवाखान्यात एक सुई, एक सलाईन आणि तीन दिवसांच्या गोळ्या. उतार पडला नाही तर तालुक्याच्या गावी त्याहून 'पॉवरचे' औषध. तिथेही गुण आला नाही तर हिंगोली, आणि अखेरीस धाप लागू लागली म्हणजे नांदेडजवळील विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. तोपर्यंत दोन-तीन जातींची प्रतिजैविके पोटात आणि शिरेत जाऊन चुकलेली असतात. मग तिथे कोणी रक्ताचे कल्चर पाठवले, तर पुष्कळदा उत्तर येते, 'नो ग्रोथ'. कारण अर्धमेला झालेला जंतू बाटलीत वाढत नाही, तो शरीरात मात्र टिकून राहतो. चिकित्सकाच्या हाती तर्क तेवढा उरतो, आणि समोर रुग्ण अत्यवस्थ असता तर्काने निवडलेले औषध हे नेहमी भात्यातले सर्वांत जालीमच असते. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

जिथे हे काम यथास्थित चालते, तिथली रीत अशी. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, त्वचा नीट निर्जंतुक करून, प्रौढाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रावाच्या बाटलीत घेतात, आणि ती बाटली शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. जंतू वाढला, तर बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आत त्याची चाहूल लागते. मग त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन, डेन्मार्कच्या ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने रंगवून पाहतात. दुसरा थेंब मॅकाँकी अगारच्या थाळीवर पसरतात, जिथे क्लेब्सिएला नावाचा जंतू असेल तर दुसऱ्या दिवशी गुलाबी, चिकट, ओघळत्या वसाहती दिसतात. त्यानंतर दुसऱ्या थाळीवर त्या जंतूचा पातळ थर देऊन त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. रात्रभरात ज्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडते ते औषध लागू, आणि ज्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढतो ते निरुपयोगी. ही वर्तुळे मिलिमीटरमध्ये मोजून नोंदवहीत लिहायची असतात. एवढ्या साध्या दिसणाऱ्या कामाला प्रशिक्षित हात, अखंड वीज आणि रविवारीही थाळी पाहायला येणारा माणूस लागतो, आणि या तीन गोष्टी एकत्र मिळणे आमच्याकडे दुर्मीळ आहे.

अशा नोंदवहीचे मोल किती, हे महाराष्ट्राने मुंबईत पाहिले आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात, कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे चोवीस जंतू सापडले. ही औषधे तेव्हा अतिदक्षता कक्षातील अखेरचा आधार मानली जात. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज, अंजली शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चोवीसांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा बावीसांमध्ये एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे जनुक आढळले. जस्ताच्या साहाय्याने औषधाच्या रेणूतील बीटा-लॅक्टम कडे फोडणारे विकर या जनुकाच्या हुकुमाने तयार होते. भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात मार्च २०१० मध्ये हा निष्कर्ष छापून आला, आणि सोबतच्या संपादकीयात चेन्नईचे अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेखच लिहिला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात चेन्नई, हरियाणा आणि ब्रिटनमधील जंतूंविषयीचा मोठा लेख आला, आणि दिल्लीचे नाव त्या विकराला का दिले यावर देशात गदारोळ उठला. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली ते विकर बाळगणारा जंतू प्रथम ओळखला गेला होता, म्हणून ते नाव. राष्ट्राभिमान दुखावला हे समजण्यासारखे आहे. पण नावावरील वादात मुंबईच्या त्या बावीस जंतूंची वार्ता झाकोळली, याची खंत मला आजही वाटते. त्या जंतूंचे वैशिष्ट्य असे की हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या, वर्तुळाकार धाग्यावर असते, आणि वाडीत एका घरचे विरजण दुसऱ्या घरी जावे तसे ते क्लेब्सिएलाकडून ई-कोलायकडे, एका जातीतून दुसऱ्या जातीत जाते. २०११ साली तर दिल्लीच्या रस्त्यांवरील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत हे जनुक मिळाले.

असा जंतू लागलेल्या रुग्णासाठी मग कोलिस्टिन काढावे लागते. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून एके काळी अडगळीत गेलेले हे जुने औषध. आणि तेच कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जात असे, ते केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केले. त्याची परीक्षा कागदी चकतीने विश्वसनीय होत नाही. त्यासाठी द्रवातील क्रमशः विरळ केलेल्या मात्रांची कसोटी लागते. म्हणजे अखेरच्या औषधालाच सर्वांत कसलेली प्रयोगशाळा हवी.

दुर्मीळ संसर्गाची गोष्टही याच वाटेने जाते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एक शेतकरी कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने बेजार झाला होता. त्याच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी वळवळल्यासारख्या नागमोडी आकृतींत दिसला. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली पंजाबात घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधलेला, गुरांना सर्रा रोग देणारा हा जीव माणसाच्या रक्तात तगत नाही, असेच शास्त्र मानत आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध उपलब्ध झाले आणि रुग्ण बरा झाला. या परजीवीला मारणारे एपीओएल-१ नावाचे प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते, हे २००७ पर्यंत सिद्ध झाले. कोणतेही प्रतिजैविक, कितीही महाग, या माणसाला लागू पडले नसते.

कायदा अगदीच निद्रिस्त आहे असे नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर होऊन १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ अनुसूचीने शेहेचाळीस औषधांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारांवर घातले. ती नोंद औषध कोणाला विकले हे सांगते. ते लागू होते का, हे तिला ठाऊक नसते.

ते सांगणारा तक्ता प्रयोगशाळेलाच करावा लागतो. वर्षभरात आलेल्या प्रत्येक जातीच्या जंतूंपैकी किती कोणत्या औषधाला दाद देतात, याचा तो हिशेब. एका रुग्णाचा पहिलाच जंतू धरायचा आणि एका जातीचे निदान तीस नमुने जमल्याखेरीज टक्केवारी काढायची नाही, असा त्याचा सर्वमान्य दंडक. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांचे आकडे कळमनुरीच्या डॉक्टराला उपयोगी पडत नाहीत, कारण प्रत्येक रुग्णालयाचे, प्रत्येक भागाचे जंतू निराळे. म्हणून नव्या महाविद्यालयाने ही नोंदवही आरंभापासून ठेवावी, आणि तिचा तक्ता दरसाल जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला व खासगी दवाखान्याला धाडावा. त्याबरोबरच बाटल्यांची ने-आण करणाऱ्या वाहनाची तजवीज करावी, आणि रक्त घेतलेली बाटली बर्फात किंवा फ्रिजमध्ये न ठेवता आहे तशीच, त्याच दिवशी हिंगोलीला पोचती करावी, ही सूचना मराठीत छापून प्रत्येक परिचारिकेच्या टेबलाशी लावावी.