जुने ग्राफिक्स कार्ड घेताना : आधी वीज, मग नाव, शेवटी पैसे

खानवेलमध्ये संगणकाचा एखादा सुटा भाग हवा असला, की वीसेक किलोमीटरवरचे सिल्वासा गाठावे लागते. तिथे मनाजोगते मिळाले नाही तर वापी, आणि वापीहून रेल्वेने थेट मुंबई. ग्रँट रोड स्थानकानजीकच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुनी ग्राफिक्स कार्डे नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. मात्र कार्ड घरी आणून लावल्यावर पडदा काळाच राहिला, तर पुन्हा तोच दिवसभराचा प्रवास नशिबी येतो. त्यातही जुना माल बहुधा ‘परत घेतला जाणार नाही’ या अटीवरच विकला जातो. म्हणूनच दूरच्या ग्राहकाने सारी तपासणी पैसे देण्यापूर्वीच उरकायला हवी.

पहिली तपासणी घरच्या संगणकाची

अल्प खर्चात गेमिंगसाठी अनेक जण कार्यालयांतून निघालेला जुना संगणक घेतात आणि त्यात ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा बेत आखतात. अशा संगणकातील एसएमपीएस बऱ्याचदा २५० ते ३०० वॅटचा असतो आणि त्याला कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनांची वायर नसते. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्यामुळे वेगळी वायर न लागणारे जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० हेच तिथे सोयीचे. या मालिकांतील काही कार्डांनाही ६ पिनांची जोडणी लागते, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. जीटीएक्स १६६० सुपरला सुमारे १२५ वॅट, आरएक्स ६६००ला १३२, तर आरएक्स ५८०ला १८५ वॅट लागतात. अशा कार्डांसाठी ४५० ते ५०० वॅटचा चांगला एसएमपीएस हवा; त्याची किंमत कार्डाच्या हिशेबातच धरावी. हलक्या दर्जाचा एसएमपीएस जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. ज्या घरात मुलांचा अभ्यास आणि सरकारी अर्ज त्याच एका संगणकावर होतात, तिथे हा धोका खेळापुरता राहत नाही. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधील जागाही मोजून जावे.

नाव एक, कार्डे दोन

जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आले. फरक केवळ मेमरीचा नाही. पहिल्यात १,१५२ कोअर आहेत, दुसऱ्यात १,२८०. आरएक्स ५८०चेही तसेच : मूळ कार्डात २,३०४ कोअर, तर त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या कार्डात २,०४८. आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते. त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग घटतो.

काही कार्डे तर निव्वळ बनावट असतात. फार जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेले असते आणि विंडोजही तेच नाव दाखवते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कोअर, मेमरी आणि चिप यांची माहिती देते. अशी अनेक बनावट कार्डे ते ओळखून तशी नोंदही दाखवते. विक्रेत्याच्या संगणकावर ते आपल्यासमोर चालवून घ्यावे.

वयाचाही विचार हवा. एनव्हिडियाच्या १० मालिकेतील कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर मिळणे थांबले. सुरक्षेपुरते सुधार ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतील. नव्या खेळांची हौस असेल, तर किमान ६ जीबी मेमरीचे त्यानंतरचे कार्ड बरे.

मायनिंगचे कार्ड

इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील मायनिंग सप्टेंबर २०२२मध्ये बंद झाले आणि त्या कामातील असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली. मायनिंग केलेले प्रत्येक कार्ड निकामी असतेच असे नाही. मात्र अहोरात्र चालल्याने पंखे झिजतात, मेमरी तापून थकते आणि कधी कार्डातील मूळ बायोसही बदललेले असते. पंखा बोटाने फिरवून पाहावा. डगमगला वा घासल्यासारखा आवाज आला, तर सावध व्हावे. गंजलेले स्क्रू, पिवळसर डाग आणि सोल्डरिंगच्या खुणा शोधाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पडून राहिलेल्या कार्डाबाबत ही काळजी अधिकच घ्यावी.

अर्धा तास द्या

कार्ड संगणकात लावून एखादा भारी खेळ किंवा फरमार्कसारखी चाचणी निदान वीस ते तीस मिनिटे चालवावी. पडद्यावर रंगीत ठिपके वा रेषा उमटल्या, संगणक अचानक बंद पडला किंवा तापमान ८५ अंशांच्या वर चढतच राहिले, तर तो सौदा सोडावा. पडद्याची जोडणी करण्याची सगळी पोर्ट आळीपाळीने तपासावीत. वॉरंटी शिल्लक असल्याचे सांगितले गेले, तर बिलावरचा आणि कार्डावरचा अनुक्रमांक जुळवून पाहावा.

जाहिरात पाहून आगाऊ पैसे पाठवणे टाळावेच. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. परताव्याच्या नावाखाली कोणी तो टाकायला सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी आणि पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

विक्रेता चाचणीस तयार नसेल, तर रिकाम्या हाताने परतावे. गाडीभाडे वाया गेले तरी चालेल. महिनोन्महिने साठवलेले पैसे तरी शाबूत राहतील.